पाथरझरीच्या ढिगावर मोहाचं झाड

मोहाडीहून पाथरझरी फार लांब नाही. तुमसरला बस बदलायची, सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणारी दुसरी गाडी धरायची आणि फाट्यावर उतरून अर्धा तास चालायचं. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. तरी सव्वीस वर्षं मी तिकडे गेलो नाही. त्या गावचं कुणी मोहाडीच्या बाजारात दिसलं, तर मी दुसऱ्या ओळीतून भाजी घ्यायचो.

गावाचं नाव मी बदललं आहे आणि खाण कुणाची ते लिहिणार नाही. सांगायची आहे ती माझी चूक.

आमचं घर विणकरांचं. माझ्या उमेदीच्या काळात वडिलांचा माग बंद पडला आणि मी मँगनीजच्या खाणीत मोजणीच्या कामाला लागलो. पुढे झाडं लावण्याची देखरेख माझ्याकडे आली. ज्यांनी उघडी खाण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : आधी जंगल कापतात, मग वरची चांगली माती काढून वेगळी रचून ठेवतात, मग दगड फोडतात. कामाचा नसलेला दगड शेजारी टाकत टाकत त्याचीच टेकडी होते. तिला सगळे डंप म्हणतात. त्या डंपावर शेवटी राखून ठेवलेली माती पसरायची आणि गेलेलं जंगल परत लावायचं, असा नियम.

या फाल्गुनाच्या अखेरीस एका दुपारी फोन आला.

"पाथरझरीची सरपंच बोलून राहिली, यशोदा. एका जुन्या कागदावर तुमची सही हाय बाबूजी. त्यात लिवलं हाय का या जागेवर मोहाचं झाड जगत नाही. आमी डंपाच्या वरच्या टप्प्यावर मोहाचे झाडं मागून राहिलो, त साहेब लोक हाच कागद पुढं करतेत. हे तुमीच लिवलं का?"

"हो, मीच लिहिलं."

"मंग या न. बुधवारी सभा हाय. खरं हाय का खोटं, थे सांगून जा."

मुलगा नागपूरला असतो. त्याला कळवलं असतं तर त्याने अडवलं असतं, म्हणून कळवलं नाही. निघण्याआधी दोन दिवस बसून मी सभेसाठी एक निवेदन लिहिलं, तीनदा खोडून चौथ्यांदा पक्कं केलं, आणि औषधांच्या डबीबरोबर पिशवीत ठेवलं.

सोमवार, पाथरझरी

तुमसर मागे पडलं की जमीन उठायला लागते. कालव्याच्या अंगाला उन्हाळी धान हिरवा होता, बाकी धानाच्या बांध्या कोरड्या, लाखोळीचं पीक काढून नेलेलं. पळसाची फुलं रस्त्यावर सुकून पडली होती. फाट्यावर उतरलो तेव्हा चपलेचा अंगठा तुटला. तिथल्या चहाच्या टपरीवाल्याने सुतळीने बांधून दिला आणि म्हणाला, "आता या चपलेनं सासरी गेल्यासारखं जपून चाला."

चालता चालता मी डंप शोधत होतो. डोळ्यांपुढे होती ती काळी, उघडी टेकडी. चैत्रात तिचा दगड तव्यासारखा तापायचा आणि लांबून बघितलं तरी हवा हलताना दिसायची. तशी टेकडी कुठेच नव्हती. गावाच्या पलीकडे एक धुरकट हिरवा डोंगर होता. दहा मिनिटं बघत राहिल्यावर कळलं, हाच तो. माझ्यानंतर लावलेली लवकर वाढणारी झाडं मोठी झाली होती, त्यांच्या पायथ्याशी घाणेरी आणि गवत माजलं होतं. वरचा टप्पा मात्र अजून उघडा होता, टक्कल पडल्यासारखा.

बघून बरं वाटायला हवं होतं. मला आठवली ती त्याच्याआधीची, खाण सुरू होण्यापूर्वीची मूळ टेकडी. मी पहिल्यांदा मोजणीला आलो तो असाच चैत्र होता. पूर्ण उतारावर मोहाची झाडं आणि खाली पिवळ्या फुलांचा सडा. वास इतका गोड की साखळी धरणारा गडी म्हणाला होता, आज जेवायची गरज नाही. त्या झाडांवर मीच चुन्याचे पट्टे मारले, तोडायच्या खुणा म्हणून. पुढे नोकरीत अनेक जंगलं पाहिली, पण तो वास मी जिथे जाईन तिथे शोधत असे. आमच्या मोहाडीत मागाच्या शिजवलेल्या खळीचा आणि सुताचा वास असतो. तो माझा जन्माचा वास. हा दुसरा मी मागून घेतलेला नव्हता, तरी तोच जास्त आठवतो.

यशोदाबाईंच्या घरी उतरलो. वय चाळिशीच्या आतबाहेर, बोलणं थेट. जेवायला भात, लाखोळीची डाळ, तांदळाच्या पिठाचे आयते, म्हणजे आपल्या घावनासारखे पण मऊ, आणि ताटाच्या कडेला वाळल्या मोहाचा तीळ घातलेला लाडू. मी लाडू हातात धरून बसलो, तर त्यांचे यजमान हसले.

"खा बाबूजी, लाडू हाय, दारू नाही. खाऊन कोनी नाचत नाही."

"नाचले तरी कोन पायते इथं," यशोदाबाई म्हणाल्या.

हसणं झाल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि त्याच आवाजात बोलल्या, "मायी माय होती तुमच्या कामावर. डंपावर झाडाले पानी घालाच्या अकरा बाया होत्या न, त्यातली. झाडं मेले तवा कागदात आलं का बायांनी पानी नाही घातलं. गावात पोट्टे बी म्हनत, खाणीवर बसून पगार खाल्ला. माय मरेपर्यंत थेच आयकत रायली."

माझ्या ताटात डाळ होती. मी ती संपवली. बोलायची ती वेळ होती आणि मी डाळ संपवली, एवढंच लिहितो.

"त्यातल्या कोण आहेत आता?" मी विचारलं.

"चार हायेत. फुलवंता मावशी त रोज पहाटे फुलं येचाले जाते. तुमी वळखसान तिले."

ओळखणार नाही कसा? रोपं तिनेच तयार केली होती. मोहाची बी, तिला इकडे टोरी म्हणतात, शिळी झाली की उगवत नाही. पडली की त्याच आठवड्यात लावावी लागते. हे मला पुस्तकाने सांगितलं नव्हतं, तिने सांगितलं होतं.

मंगळवार, पहाटे

झोप लागलीच नव्हती, म्हणून उजाडायच्या सुमाराला गावाबाहेरच्या मोहांकडे निघालो. खाणीच्या हद्दीबाहेर राहिलेली ती पाच-सात जुनी झाडं. पानं गळालेली, फांद्या उघड्या, आणि त्यांतून टप टप फूल पडत होतं. वर बघत चाललो होतो.

"कोन हाय थो? डोळे हाय का नाही? फुलावर पाय देऊन राहिला."

मी थबकलो. पायाखाली फुलं चिरडली होती. "चुकलं बाई. दिसलं नाही."

"येवढं झाडून ठेवलं थे दिसत नाही? आमी का जोडे घालून तुया घरात येतो?"

इथली रीत मी विसरलो होतो. आमच्याकडे पाहुणा यायचा म्हणून अंगण झाडतात. इथे फाल्गुनात मोहाखालचा पाचोळा झाडून गोल जागा स्वच्छ करतात, म्हणजे पडलेलं फूल मातीत हरवत नाही. ज्या घरानं झाडलं, त्या घराचं ते झाड. पाटी लागत नाही, कुंपण लागत नाही, आणि दुसरं कुणी तिथलं फूल उचलत नाही.

बाई टोपली घेऊन जवळ आली. पाठ वाकलेली, केस पांढरे, आवाज तोच.

"कोनत्या गावचे?"

"मोहाडीचा."

तिने मला वरपासून खालपर्यंत निरखलं. मग टोपली खाली ठेवली. "झाडाचे बाबूजी," ती म्हणाली. खाणीवर बायका मला त्याच नावाने हाक मारायच्या. "बुढे झाले बापा तुमी."

"तुम्हीही झालात, फुलवंताबाई."

"मी त झालीच. पन मी डंप चढतो अजून. तुमाले जमन का?"

तिने फुलं वेचून संपवली. मी वेचायला वाकलो तर म्हणाली, "राहू द्या, कंबर धरन, मंग मलेच न्या लागन उचलून." ऊन तापायच्या आत आम्ही निघालो.

डंपावर

खालच्या उतारावर सावली होती. पाचोळा घोट्यापर्यंत, त्याखाली बोटभर काळी माती, त्याखाली दगड. एवढ्या वर्षांत बोटभर. मी ती माती चिमटीत घेऊन बघितली. तितर ओरडत होते. खाणीचा खड्डा खाली निळ्या पाण्याने भरला होता आणि काठावर बगळे बसले होते. मी तीन ठिकाणी बसलो. ती प्रत्येक वेळी उभी राहून, पदराने तोंड पुसत थांबली.

वरच्या टप्प्याच्या कडेला एका वळणाआड ती थांबली. तिथे दगडांमध्ये एक मोहाचं झाड होतं. दोन पुरुष उंचीचं, खोड माझ्या मनगटाहून थोडं जाड, शेंड्याला तांबूस नवी पालवी. आणि त्याच्याखाली अगदी गोल, स्वच्छ झाडलेली जागा.

मला वाटलं, इथेही फुलं वेचतात. "फूल येतं का याला?"

"नाही आलं अजून."

"मग झाडता कशाला?"

"झाडलं म्हंजे कोनाचं हाय थे कळते." ती खाली बसली आणि रात्रीतून पडलेली दोन पानं उचलून बाजूला टाकली. "नातू झाला त्या वर्षी लावलं. थो आता बारावीत हाय. दरसाल जेठात बोडीचं पानी आटलं का तिच्यातला गाळ नेतेत न लोक वावरात, तवा मी दोन टोपल्या इथं आनतो. लोक म्हनत, बुढी पागल झाली. साहेबाले दाखवलं त म्हने, हे आधीचं असन. कागदात लिवलं हाय, इथं मोहाचं झाड जगत नाही."

कागद माझा होता. तिथेच मी बोललो.

काय बोललो ते वाचकांना सरळ सांगतो. वरची माती पाच वर्षं वेगळी रचलेली होती. ती मरू नये म्हणून या बायकांनी तिच्यावर गवत पेरून ती जपली होती. कुणी मोठे लोक पाहणीला यायचे होते आणि वरिष्ठांनी खाणीच्या वसाहतीत बाग आणि मैदान करायला ती माती मागितली. मी चिठ्ठीवर सही केली. आठ दिवस ट्रक चालले. फुलवंता मला म्हणाली होती, "माती चालली बाबूजी, झाडं कायवर लावाचे?" मी म्हणालो, दुसरी येईल. ती येणार नाही हे मला ठाऊक होतं. रोपं मी दगडात लावली. अकरा बायकांनी खड्ड्यातून डोक्यावर पाणी वाहून उन्हाळाभर ती जगवायचा प्रयत्न केला, आणि ज्येष्ठात ती करपली. कारण विचारलं गेलं तेव्हा मी लिहिलं : पाणी घालण्यात मजुरांनी हयगय केली, शिवाय या जागेवर मोहाचं झाड जगत नाही. बायकांचं काम गेलं. मला पुढच्या खाणीवर वरची जागा मिळाली. निवृत्तीच्या दिवशी भाषणात कुणी म्हणालं, यांनी दगडावर हिरवळ आणली. मी हार घालून ऐकत होतो.

"माती मी दिली, फुलवंताबाई."

"मालूम हाय."

"आणि पाणी तुम्ही घातलं होतं. रोज. मी उभा राहून बघत होतो."

ती हसली, पण तिच्या तोंडावर गंमत नव्हती. "थे मले सांगता का? पानी मीच त घातलं. ज्याले मालूम नाही, त्याले सांगा."

मी पिशवीतून निवेदन काढलं. उद्या सभेत वाचणार आहे म्हणालो आणि तिला वाचून दाखवलं. 'त्या काळी मातीची उपलब्धता मर्यादित असल्याने व अन्य प्रतिकूल कारणांमुळे रोपे जगू शकली नाहीत' असं होतं ते.

"हे कोनी लिवलं?"

"मीच."

"मर्यादित म्हंजे?"

"कमी."

"कमी कुठं होती माती? घरायेवढा ढीग होता." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, पानं गोळा करत राहिली. "अन् बाया कुठं हायेत याच्यात?"

बाया नव्हत्या. शहात्तराव्या वर्षी, कुणाची भीती उरलेली नसताना, दोन दिवस बसून मी पुन्हा तसाच कागद तयार केला होता.

उतरताना माझा सुतळीचा अंगठा पुन्हा सुटला. तिने हात धरला नाही, पण माझ्या दोन पावलं पुढे, हळू चालत राहिली.

बुधवार, सभा

सकाळी ओसरीवर बसून नवा कागद लिहिला. बायकांची नावं आठवायला लागलो तर चार आठवली. जुन्या नोंदीत मी 'स्त्री मजूर' एवढंच लिहीत असे. यशोदाबाईंनी आईचं नाव सांगितलं, ते सांगताना एक एक अक्षर वेगळं करून सांगितलं. बाकीची फुलवंतानं सांगितली. एकीच्या नावावर ती अडली. "आमी तिले घारी म्हनो. खरं नाव तिचा लेक सांगन." म्हणून मी उठून दोन गल्ल्या ओलांडून गेलो. तो सायकलचं चाक काढत बसला होता. "मायचं नाव कायले पायजे?" त्याने विचारलं. मी कारण सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवून नाव सांगितलं, आणि सभेला येतो म्हणाला.

सभा शाळेच्या वऱ्हांड्यात. तालुक्याहून आलेले अधिकारी तरुण होते, सभ्य होते. मी कागद वाचला. माती कुठे गेली ते वाचलं. पाणी कुणी घातलं ते वाचलं. अकरा नावं वाचली. मी कागदात मान घालून वाचत होतो, तेव्हा मागून कुणी म्हातारा बोलला, "जोरानं वाचा, इकडं आयकाले नाही येऊन राहिलं." मी नावं पुन्हा पहिल्यापासून वाचली.

टाळ्या झाल्या नाहीत, रागाचं बोलणंही झालं नाही. घारीचा लेक भिंतीला टेकून उभा होता, तो वाचन संपल्यावर निघून गेला.

अधिकाऱ्यांनी कागद घेतला, डंपावरचं झाड बघायला येतो म्हणाले. वरच्या टप्प्याच्या अर्ध्या भागात मोहाची झाडं लावायचं त्यांनी मान्य केलं, आधी बोडीचा, म्हणजे गावतळ्याचा, गाळ पसरायचा या अटीवर. मग त्यांनी फुलवंताला विचारलं, "पण आजी, मोहाला फूल यायला किती वर्षं लागतात?"

"पंधरा. इथं वीस बी लागन."

"तेवढे दिवस थांबायचं?"

"मी कायले थांबतो? मी त जाईन. म्हून त लवकर लावा म्हनतो."

दुपारच्या गाडीसाठी निघालो तेव्हा ती फाट्याच्या वाटेवर बोडीच्या पाळीपर्यंत आली. मी माफी मागितली. हात जोडले. ती पाण्याकडे बघत होती. बोडीत पाणी थोडंच उरलं होतं, कडेचा गाळ फुटून त्याची ढेपळं झाली होती.

"माफीचं मंग पाहू," ती म्हणाली. "मिरगात टोरी पडते. तवा या. अकरा खड्ड्यात तुमच्या हातानं टोरी लावा. उसना गडी आनाचा नाही."

"येईन."

"येतो म्हनाले सोपं हाय," ती म्हणाली आणि परत वळली.

घरी परतल्यावर

मुलाला आता सगळं कळलं आहे. तो म्हणतो, जून महिन्यात त्या दगडावर चढायचं हे वय नाही, पाहिजे तर मी गाडीने तुम्हाला पायथ्याशी नेऊन आणतो. डॉक्टरही तेच म्हणतात. त्यांचं चुकत नाही.

मृगाला अजून पाच आठवडे आहेत. मोहाडीत रोज सकाळी मी तलावाच्या पाळीवरून चालतो. पहिल्या दिवशी देवळापर्यंतच दम लागला. गेल्या आठवड्यात सांडव्यापर्यंत गेलो. काल पूर्ण पाळ झाली, मध्ये एकदाच बसलो.

डंप त्याहून पुष्कळ उंच आहे.